बाईंची अचानक चाचणी

गणिताच्या निवृत्त बाईंचा रक्तदाब दवाखान्यात नेहमी शहाण्या मुलासारखा वागायचा. तपासणीची तारीख जवळ आली की बाई आठवडाभर नेमाने गोळ्या घेत. तारीख उलटली की पाकीट पुन्हा कपाटात. नर्स वहीत आकडा लिहून म्हणे, "बाई, एकदम छान!"

त्या बुधवारी मात्र नर्सच मशीन घेऊन दारात उभी राहिली.

"चार महिन्यांत तुम्ही एकाच महिन्याच्या गोळ्या नेल्यात. म्हणून आले. अचानक चाचणी! तुमच्याकडूनच शिकले."

"आगाऊ ती आगाऊच राहिलीस," म्हणत बाईंनी दंड पुढे केला.

एकशे अठ्ठ्याहत्तर! पाच मिनिटांनी पुन्हा मोजला, तरी एकशे शहात्तर.

"आठवीत तुम्ही मला कॉपी करताना पकडलं होतंत, बाई. आता मी काय करू?"

बाईंनी चष्मा काढून उगाच पुसला. "माझी ताई दर भेटीत मला माझंच नाव विचारते गं. तीही ह्याच गोळ्या घेते. ह्या गोळ्यांनी माझं डोकंही तसंच गेलं, तर माझ्याजवळ उरेल काय?"

"ताईंना गोळ्या कधी सुरू झाल्या?"

"दोन वर्षं झाली."

"आणि विसरायला कधी लागल्या?"

"त्याला चार..." बाई थबकल्या.

"त्याआधी रक्तदाब?"

"दहा-बारा वर्षं वाढलेलाच होता. दुखत काही नव्हतं, म्हणून तिने मनावर घेतलं नाही."

जन्मभर मुलांकडून पायऱ्या क्रमाने लिहून घेणाऱ्या बाईंनी स्वतः मात्र उत्तर आधी ठरवून टाकलं होतं!

"वाढलेला दाब मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू खराब करतो," नर्स म्हणाली. "ताईंचं त्यामुळेच झालं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. गोळ्यांनी स्मरण टिकेलच, अशी हमीही नाही. पण दाब ताब्यात राहिला तर धोका कमी होतो. गोळी सोसत नसेल तर डॉक्टर बदलून देतील. त्यांना खरं काय ते सांगा! चला, आत्ताच जाऊ."

तिने वही उघडली. "आकडा काय लिहू?"

"आला तोच. आणि मागच्या सगळ्या आकड्यांपुढे लिही, कॉपी."

रविवारी ताईने पुन्हा विचारलं, "तुझं नाव काय गं?" बाईंनी ते सावकाश सांगितलं. मग ताईला गोळी दिली आणि तिच्याच पेल्यातल्या पाण्याने स्वतःचीही घेतली.

वाचकहो, न दुखणारा आजारही आजारच असतो. तपासणीपुरत्या घेतलेल्या गोळ्यांनी दवाखान्याची वही फसते. आपल्या मेंदूची परीक्षा मात्र रोज चालू असते.