मलाही औषध द्या

मित्रांनो, मी एक म्हातारा पोपट आहे. चोच झिजली आहे, पण मान अजून ताठ आहे. सायकल दुरुस्तीच्या एका दुकानात, टांगलेल्या टायरांच्या शेजारी माझा पिंजरा असतो. मालकांना सगळे पंक्चरकाका म्हणतात. दुकानात येणारी मुले आधी मला हाक मारत, मग काकांना.

एकदा काकूंच्या भावाने बाजारातून मला सोबती आणला. दाटीवाटीने भरलेल्या खोक्यातला तो पक्षी पिसे फुगवून नुसता पेंगत असे. थोड्याच दिवसांत तो गेला. मग माझेही डोळे चिकटू लागले, दाणा नकोसा झाला. ते कोणाच्या ध्यानात आले नाही. काका माझ्या पिंजऱ्याचा तळ रोज कोरडाच खरडत. वाळलेल्या विष्ठेची धूळ उडे आणि त्यांच्या नाकातोंडात जाई.

काकांना ताप भरला. खोकला थांबेना, धाप लागू लागली. शेवटी इस्पितळात नेले. तिथल्या डॉक्टरांनी विचारले, "तुमच्याकडे पक्षी आहे का?" पक्ष्यांकडून माणसाला होणारा जंतूंचा आजार निघाला.

काकूंसोबत त्यांचा भाऊ तडक दुकानात आला आणि पिंजऱ्याचे दार उघडू लागला. मी दांडी घट्ट धरून बसलो. माझे घर मी का सोडावे?

"ताई, हा इथं नको. भावोजींच्या जिवावर उठलाय."

"दुसरा पक्षी कोणी आणला होता?" काकू म्हणाल्या. "आणि आजारी पाखरू बाहेर सोडून आणखी कोणाला आजारी पाडायचंय? तोंडाला फडकं बांध. याला आपण पाखरांच्या डॉक्टरांकडे नेतोय."

मला मागच्या खोलीत वेगळे ठेवले. औषध इतके कडू, की मी रोज भांडलो आणि रोज गिळले. तिकडे काकाही गिळत होते. दोघेही बरे झालो.

दुकान पुन्हा उघडले, तेव्हा एक जुने गिऱ्हाईक दारातूनच म्हणाले, "पोपट काढा, तरच येतो."

काका चाकावरून नजर न काढता म्हणाले, "पलीकडच्या गल्लीतही दुकान आहे."

मित्रांनो, पिंजरा आधी ओला करा, नाकतोंड झाकून पुसा, मग हात धुवा. नवा पक्षी आणाल तर काही दिवस वेगळा ठेवा. आम्ही पेंगू लागलो तर डॉक्टरांना दाखवा. पण आम्हाला गुन्हेगार म्हणू नका. तो आजार मलाही झाला होता, आणि मीही त्याला पुरून उरलो आहे.