नांदायला तयार

चन्नवीरच्या गळ्यातला दोरा तोच होता, पण दोऱ्याला चांदीची करडगी, लिंग ठेवायची डबी, नव्हती... इष्टलिंग पांढऱ्या फडक्यात बांधलेले, आणि फडक्याची गाठ शर्टाच्या तुटक्या गुंडीच्या जागेतून बाहेर डोकावत होती. कोर्टाच्या व्हरांड्यात, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली दाक्षायणी त्या गाठीकडेच बघत राहिली. लग्न झाल्यापासून नवऱ्याची ती करडगी तिनेच रिठ्याच्या पाण्यात उजळली होती — तळाशी पडलेला बारीक पोचा अजून तिच्या अंगठ्याला आठवत होता.

वकील देशमुखे तिच्याजवळ वाकले. थकलेली पोटगी त्याने आज सगळी भरली, आता त्याचा दावा पुढे चालणार, असे त्यांनी सांगितले. बाईला आनंद होईल असे त्यांना वाटले असावे.

आनंद? घटस्फोटाचा निकाल लागेपर्यंत बायकोला पोटगी द्यायची, असा हुकूम झाला तेव्हा याने हट्टाने एक पैसा भरला नाही, आणि देत नाही तोवर दावा तहकूब राहिला. दावा अडला म्हणजे त्याच्या दुसऱ्या लग्नासाठी ठरलेली मंगळवेढ्याची ती मुलगीही अडली. कुंभारीत भावाच्या घरी, मशीनवर लोकांची झंपरं शिवताना दाक्षायणी त्या मुलीच्या बापाचा उतरलेला चेहरा डोळ्यांसमोर आणायची आणि पायाखाली मशीन पळायचे. वसुलीचा अर्ज तिने वकिलांना कधी करूच दिला नाही. असू दे थकलेली. माझ्या उपाशी पोटाच्या दाव्याला बांधलाय मी त्याला, बसू दे चरत तिथल्या तिथे...

आणि आज त्याने ते दावे सोडवून घेतले होते.

वकील आत गेले, तसा चन्नवीर सरकून जवळ आला. घाम, तंबाखू, त्याच्या दुकानातल्या कोऱ्या चादरींची खळ — सगळा ओळखीचा वास.

"करडगी कुटं हाय?" तिने विचारले.

"मोडली."

"मामंजींची व्हती ती."

"व्हय." तो समोरच्या लिंबाकडे बघत होता. "सुटायचं व्हतं मला. लई झालं आता."

एवढेच. त्याच्या आवाजात राग असता तर तिने तो पदरात घेतला असता. पण तो नुसता थकलेला होता, आणि तिच्यापासून सुटण्यासाठी त्याने बापाची करडगी सोनाराकडे मोडली होती.

वकिलांनी बाहेर येऊन तिला बाजूला घेतले. दावा असा आहे, की बायको आपण होऊन घर सोडून गेली. तुम्ही पिंजऱ्यात उभे राहून फक्त म्हणा, मी नांदायला तयार आहे. त्याचा दावा टिकणार नाही.

"तयार आहात ना?" त्यांनी विचारले.

तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते वकिलांनाही कळले नाही. पुढची तारीख पडली.

सात रस्ता चौकाकडे चालताना तिने ते वाक्य ओठांत म्हणून पाहिले. मी नांदायला तयार आहे. भावाच्या दारात तिची पिशवी ठेवून 'चार दिसांत न्यायला येतो' म्हणत तो गेला, तेव्हापासून प्रत्येक संध्याकाळी अक्कलकोटची गाडी थांबली की, तो उतरेल या आशेने, ती हेच म्हणत आली होती — कुणी न विचारता, मनातल्या मनात, आणि दर वेळी घसा दाटून यायचा. वहिनीला दिसू नये म्हणून मग चुलीत फुंकर...

मी नांदायला तयार आहे. पुन्हा म्हटले. जरा मोठ्याने. समोरून येणारा सायकलवाला वळून पाहून गेला.

घसा दाटला नाही. शब्द सरळ, कोरडे बाहेर आले, मोजून कापलेल्या कापडासारखे. इतकी वर्षे खरे होते तेव्हा हे वाक्य कुणी ऐकले नव्हते. आज त्या मोडलेल्या करडगीबरोबर ते खोटे झाले होते, आणि आता कोर्ट ते लिहून घेणार होते. त्याला जन्मभर अडकवून ठेवील असे वाक्य. आणि आपल्यालाही त्याच्याबरोबरच?... ती रस्त्याच्या कडेला थांबली. वाहने जात राहिली. त्या कोरड्या घशातून आता 'हो' उगवते की 'नाही', याची ती वाट बघत उभी होती, आणि तिथे अजून काहीच नव्हते.