एकच चिठ्ठी

माझ्या ल्युसियनकडे कोणी काही मागितलं की त्याच्या तोंडून 'नाही' निघत नाही. लोक याला चांगुलपणा म्हणतात. मी त्याची आई आहे, एकोणचाळीस वर्षं बघते आहे, मी म्हणत नाही. एका शनिवारी तो दोन गावांतल्या दोन मयतांना खांदा द्यायचं कबूल करून बसला होता. एक अकराला, एक साडेअकराला, मध्ये नदी. दुसऱ्या घरच्यांनी शेवटी पाद्रीबाबाला शवपेटीला हात लावायला लावलं. शेजाऱ्याचा कुत्रा आठवडाभर सांभाळतो म्हणून घेतला, तो आमच्याच ओसरीवर म्हातारा होऊन मेला. बर्फ पडला की आमचं दार दुपारपर्यंत बुजलेलं, आणि हा पहाटेपासून दुसऱ्यांची दारं मोकळी करत हिंडतो.

जानेवारीत मी त्याला म्हटलं, शाळा मंडळासाठी उभा राहा. तेव्हाही तो नाही म्हणाला नाही. तेव्हा मात्र मला त्याच्या स्वभावाची तक्रार नव्हती, हेही लिहून टाकते.

आमच्या गावची शाळा म्हणजे दोन वर्ग, एक सभागृह आणि एक स्वयंपाकघर. पाच गावांचं मिळून एक शाळा मंडळ आहे. आमची शाळा बंद करून पोरांना खाली ब्रॅडवेलला न्यायचं की नाही, यावर चार गावांची माणसं दोन इकडे, दोन तिकडे. पाचवी खुर्ची आमच्या गावची. त्या खुर्चीत जो बसेल तो शाळा ठेवील किंवा घालवील, इतकं ते सरळ होतं. ल्युसियनची मुलगी ओडेट पाच वर्षांची आहे, सप्टेंबरात शाळेत जायची. इथली शाळा आमच्या खिडकीतून दिसते. ब्रॅडवेलला बसने पन्नास मिनिटं, चिखलाच्या दिवसांत सव्वा तास.

त्या स्वयंपाकघरात मी अठ्ठावीस वर्षं पोरांना जेवू घातलं. मी स्वतः सहावीपर्यंत शिकले. मग आई गेली आणि गाई माझ्या वाट्याला आल्या. ज्या शाळेत मला पुरतं बसायला मिळालं नाही, तिला मी पोसलं, असं मी समजते, आणि ते कोणी खोडून काढलेलं नाही.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा असते, त्याच सभागृहात. बायका विणकाम घेऊन येतात, पुरुष चिखलाचे बूट घेऊन येतात. एकेका खुर्चीसाठी बसल्या जागेवरून नावं सुचवायची. एकच नाव आलं तर कोणीतरी म्हणतं, नावं बंद करावीत आणि कारकुनाने एकच चिठ्ठी टाकावी. सगळे 'हो' म्हणतात, कारकूनबाई नाव लिहून चिठ्ठी लाकडी पेटीत टाकते, झाली निवडणूक. शिंकायला वेळ लागतो तेवढाच.

शाळेची खुर्ची दरवर्षी जेवणाआधी भरतात, नियोजन समितीची जेवणानंतर. नियोजन समिती कोणालाच नको असते. महिन्यातून दोनदा बसून कोणाची गोठ्याची भिंत रस्त्यापासून किती फूट आणि कोणाच्या दुकानाची पाटी किती मोठी, यावर दहा वाजेपर्यंत वाद घालायचे. ते नाव निघालं की सगळे आपापले बूट बघायला लागतात. चुकून मान वर झाली तर खुर्ची गळ्यात.

यंदा क्रम उलटा होता. गावाच्या अहवालात तसं छापलं होतं. अहवाल पंधरा दिवस माझ्या टेबलावर पडून होता. यंदाचा अहवाल वेंडेल फार्नमच्या स्मरणार्थ होता, अकरा वर्षं नियोजन समितीत बसून तो हिवाळ्यात गेला. त्याचा फोटो मी बघितला, खालच्या दोन ओळी वाचल्या, आणि पुढची पानं उलटली नाहीत.

बाराला दहा कमी असताना मी स्वयंपाकघरात होते. मेपलच्या पाकात शिजवलेल्या घेवड्याची तीन पातेली, पाव भट्टीत. वाफ सभागृहात जाऊ नये म्हणून वाढायच्या खिडकीचं झाकण ओढलेलं. त्यातून मला ल्युसियनचं नाव ऐकू आलं. मग भुकेल्या माणसांचा तो घाईचा आवाज, नावं बंद करावीत, एकच चिठ्ठी टाकावी. मग सगळ्यांचं 'हो'.

ब्यूला माझ्याबरोबर पाव काढत होती. आम्ही दोघींनी त्या चुलीवर आयुष्य घातलं आहे. ती म्हणाली, "झालं बाई तुझं काम."

"माझं कसलं. शाळेचं," मी म्हटलं, आणि कितीतरी दिवसांनी स्टुलावर टेकले.

मग झाकण वर केलं, रांग लागली. सभापती आल्डेन व्हिटकोम्ब ताटली पुढे करून म्हणाला, "अभिनंदन, व्हर्ना. वेंडेलच्या खुर्चीत आता निदान जागा राहणारा माणूस आला."

"वेंडेल शाळा मंडळात कधी होता?"

"शाळा कुठे काढलीस? नियोजन समिती. शाळेचं जेवणानंतर." त्याने माझ्या हातातल्या डावाकडे बघितलं. "वाढतेस ना?"

मी वाढलं. मागे चाळीस माणसं उभी होती. ब्यूलाच्या हातात डाव दिला आणि बाहेर गेले. ल्युसियन टोकाच्या टेबलावर वेंडेलच्या बायकोच्या, थेल्माच्या पावाला लोणी लावून देत होता. मी त्याला दारापाशी बोलावलं.

"काय करून बसलास?"

"आई, थेल्माने नाव घेतलं. सगळ्यांसमोर. म्हणाली, वेंडेलची खुर्ची रिकामी बघवत नाही."

"मग?"

"ती मोजा विणत होती. वेंडेलचा. एक झाला होता, म्हणून दुसरा पुरा करते आहे." त्याने टोपी दोन्ही हातांत चुरगाळली. "मी काय म्हणणार होतो?"

"नाही म्हणायचं. दोन अक्षरं आहेत."

"मला वाटलं, दोन्ही होता येईल."

दोन्ही होता येत नाही. एका सभेत एका माणसाला एकच खुर्ची. ओरिन पेक तीन खुर्च्या धरून बसला होता, त्या वर्षी गावाने हा ठराव केला. माझा नवरा ओमेर तेव्हा होता. आम्ही दोघांनी हात वर केले होते. ल्युसियन तेव्हा माझ्या मांडीवर होता.

मी आल्डेनकडे गेले. "तो समितीचा राजीनामा देईल. आत्ता."

"राजीनामा लेखी लागतो, व्हर्ना. पंचांपुढे यावा लागतो. पंच गुरुवारी बसतात. आज मंगळवार आहे."

"मला वार कळतात."

"मी नियम केलेला नाही," तो म्हणाला.

"नाही. मी केला," मी म्हटलं आणि आत येऊन ब्यूलाला सगळं सांगितलं. तिने पातेल्याचा तळ खरवडता खरवडता ऐकलं. म्हणाली, "त्याला काय बोलतेस? तुलाही तो नाही म्हणाला नव्हता."

जेवणानंतर शाळेची खुर्ची. टेकडीवरच्या नव्या घरांतून गॅरेट स्प्रेगचं नाव आलं. माणूस वाईट नाही. लाकडं नीट रचतो, सगळ्यांना हात करतो, आकडे प्लॅस्टिकच्या फायलीत घालून आणतो आणि त्या आकड्यांत आमची शाळा बसत नाही असं नम्रपणे सांगतो. आल्डेनने विचारलं, आणखी नावं? सगळे ल्युसियनकडे बघत होते, आणि तो जमिनीकडे.

मागून ब्यूलाचा आवाज आला. "व्हर्ना लतुर्नो."

दीडशे माना वळल्या. मी वाढायच्या खिडकीपाशी उभी होते, एप्रन तसाच. शाळा मंडळाचे कागद मी बघितले आहेत. जानेवारीत ल्युसियनच्या गाडीत पडले होते, दोन बोटं जाडीचा गठ्ठा. मंडळाच्या बैठकीत एकेक जण आपला भाग मोठ्याने वाचतो. मी वाचते, पण बोट ठेवून वाचते, ओठ हलवत. अठ्ठावीस वर्षांत त्या स्वयंपाकघरात मी एकाही पोराला ते बोट दिसू दिलेलं नाही.

"व्हर्ना, मान्य आहे?" आल्डेनने विचारलं. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. टेकडीवरची माणसं सोडली तर कोणाच्याच तोंडावर नाराजी नव्हती. मला वाटतं, मी निवडून आले असते.

"नाही," मी म्हटलं. लगेच म्हटलं. कोणी का म्हणून विचारायच्या आत.

मग कोणीतरी दमल्यासारखं म्हणालं, नावं बंद करावीत, एकच चिठ्ठी टाकावी. 'हो' म्हणणारे आवाज या वेळी कमी होते, पण पुरेसे होते. कारकूनबाईने लिहिलं, घडी घातली, टाकली. पेटीत पडताना काही आवाज झाला नाही. कागदच तो.

चारला सभागृह रिकामं झालं. ब्यूला माझ्याशी न बोलता घरी गेली. मी पातेली घासत होते. ल्युसियन आला, आधी लोकांच्या सांगण्यावरून दोनशे खुर्च्या उचलून, मग थेल्माला गाडीत बसवून. फडकं घेऊन माझ्या शेजारी उभा राहिला. एक पातेलं हातात घेऊन म्हणाला, "आई, ओडेटला मी सोडीन. रोज माझ्या गाडीने. बसने नाही जावं लागणार तिला."

मी नळ बंद केला.

"तू सोडणार नाहीस. त्या सकाळी कोणाची तरी गाडी रुतलेली असेल आणि तू तिथे असशील. ती बसनेच जाईल. सव्वासहाला कोपऱ्यावर तिच्याबरोबर उभं राहायचं, बस येईपर्यंत, रोज. थेल्माने हाक मारू दे, आल्डेनने मारू दे, जागचं हलायचं नाही. आणि मीही उभी राहणार आहे तुझ्या शेजारी. ब्यूलाने माझं नाव घेतलं आणि मी नाही म्हटलं, ते तूही ऐकलंस आणि मीही. आता ते पातेलं पूस. आतूनही."