काजळवातीची परीक्षा

बिबवेवाडीतल्या त्या मंगल कार्यालयात रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी पहिल्या पंगतीसाठी हमरीतुमरीवर येणारे लोक श्वास रोखून उभे होते. चौरंगावर पणती, पणतीत काजळाने माखलेली काळी वात, आणि तिथून सात-आठ हातांवर, भगव्या आसनावर दिगंबर महाराज. समोर कुणाची तरी सून बसली. महाराजांनी मोरपिसांचा कुंचा वातीवर रोखला आणि डोळे मिटले. काडी नाही, ठिणगी नाही, आणि भप्पकन ज्योत उठली!

"शुद्ध!" महाराज गरजले. "जे शुद्ध ते जळतं, जे जळतं ते शुद्ध, आणि मधे उरते ती माया!"

या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. टाळ्या मात्र कडाडून पडल्या.

एरवी मी हसलो असतो. पण माझ्या शेजारच्या फ्लॅटमधली नम्रता आज त्या चौरंगापुढे बसणार होती. मागच्या रविवारी तिची वात पेटली नव्हती आणि महाराजांनी भर सभेत सांगितलं होतं, "हिच्या चारित्र्यात खोट आहे." तिची सासू वेणूबाई मूळची यवतमाळकडची, मायाळू बाई, आठवडाभर रडत होती. नवरा संतोष आयटी कंपनीत. दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचा पगार घेतो, पण इथे एक प्रश्न न विचारता त्याने बायकोशी बोलणं टाकलं. आज शेवटची परीक्षा. वात पेटली नाही, तर नम्रताने माहेरी जायचं आणि चार वर्षांच्या राधाला इथेच ठेवायचं, असं घरात ठरलं होतं. मला संताप आला होता, आणि भीतीही वाटत होती.

मी तंत्रनिकेतनात गणित शिकवतो. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या जिनत शेखबाईंना मी हे आधीच सांगितलं होतं.

"सगळ्यांच्या वाती पेटतात?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या काही झटक्यात. मग वेळ लागतो. शेवटी नुसता धूर. आरती झाली की पुन्हा झटक्यात."

"आणि नम्रता कितवी होती?"

"आरतीच्या आधी, अगदी शेवटी. वेणूबाई भिडस्त. आपण इथे परके, म्हणून प्रत्येकीला 'आधी तुमची सून बसू द्या' म्हणत राहिल्या."

"त्या कुंच्यात लेझर आहे," जिनतबाई म्हणाल्या. "डोळ्यांना न दिसणारा. आमची मुलं प्रोजेक्टसाठी हातात धरायचे लेझर करतात, त्यांची हमखास चूक हीच. लेझरला ठरावीक करंट पुरवणाऱ्या सर्किटला ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हर घेतात दणकट आणि मागे घालतात स्वस्तातली बॅटरी. तिला तो भार झेपत नाही. व्होल्टेज पडतं, लेझर मंदावतो. आरतीच्या गोंगाटात हा बॅटरी बदलत असणार."

"मग नम्रताला आरतीनंतर बसवू. वात पेटेल, ती सुटेल."

"आणि तिच्याऐवजी जी शेवटी बसेल तिचं काय?" त्या जरा तुटकच म्हणाल्या. "शिवाय तो किरण डोळ्यात गेला तर डोळा जातो. मी येते."

आणि आज वेणूबाईंनी पुन्हा तेच केलं. हात जोडून सगळ्यांना पुढे घातलं. नम्रताच्या आधीच्या मुलीची वात जेमतेम धुमसली. नम्रता उठली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

बॅटरी दमली होती आणि आरतीला अजून वेळ होता. मग सुचलं ते केलं. आयुष्यात देवळाची पायरी न चढलेला मी टाळ्या पिटत जोरात आरती म्हणू लागलो. आरतीला नाही कोण म्हणणार? सगळा हॉल उठला. शिष्य कुंचा घेऊन पडद्याआड गेला आणि आरती संपताना परत आला.

"वाक वातीवर," महाराज म्हणाले. "पापणी लवू द्यायची नाही."

नम्रता वाकली. महाराजांनी कुंचा रोखून डोळे मिटले. तेवढ्यात लेझर अडवणारा रंगीत चष्मा लावलेल्या जिनतबाई गर्दीतून धावल्या, एका हाताने त्यांनी नम्रताचे डोळे झाकले आणि दुसऱ्या हाताने वातीपुढे काळा कागद धरला.

कागदातून धूर निघाला. बघता बघता त्याला भोक पडलं. महाराजांचे डोळे अजून मिटलेलेच.

"अहो महाराज," जिनतबाई म्हणाल्या, "कागदाचं चारित्र्य कसं आहे?"

महाराज दचकले. "ही परधर्मी बाई इथे कशी? विटाळ!"

"आडनाव विचारून पेटते का तुमची वात? काळा रंग प्रकाश शोषून तापतो, म्हणून वात काळी. टोकाला काडीपेटीचा गुल लावलाय, म्हणून भडका. आणि तुमची बॅटरी दमली, की बाई पापी!"

पहिल्यांदा हलल्या त्या वेणूबाई. त्यांनी कुंचा हिसकावून फरशीवर आपटला. पिसांतून टॉर्चसारखी नळी, तिच्यातून बॅटरी घरंगळत बाहेर आली.

"माह्या सुनेले खोटी म्हणतं काय रे!" त्या किंचाळल्या. महाराज मागच्या दाराकडे वळले, तर तिथे त्या धुमसलेल्या वातीच्या मुलीचा बाप उभा होता.

संतोष पुढे आला. "चल घरी, नम्रता. झालं ना सिद्ध?"

"काय सिद्ध झालं?" ती शांतपणे म्हणाली. "त्याची बॅटरी कच्ची होती, एवढंच. माझ्याबद्दल तू मला एका शब्दाने विचारलं नाहीस."

तिने वेणूबाईंजवळ उभ्या राधाला कडेवर घेतलं, बाहेर आली आणि माहेरची एसटी गाठायला स्वारगेटच्या रिक्षाला हात केला. वेणूबाई चपला न घालताच मागे धावल्या. "थांब व माय, मी येतो तुह्यासंग. तुह्या आईची माफी मांगतो."

संतोष रस्त्यावर एकटा उभा राहिला.

वाचकहो, तो ढोंगी आता पोलिसांकडे आहे. पण त्याने नुसती वात पेटवली. तिच्यावरून माणूस तोलला तो आपण. चमत्कार दिसला की तो नेमका कधी फसतो ते बघा, आणि का फसतो ते विचारा. आणि घरातल्या माणसाबद्दल शंका आली, तर त्याच्याशीच बसून बोला.