शेजारची सीट

वीरधवलनं तिसऱ्यांदा गाडी बंद पाडली आणि खाली वाकून क्लचकडं असं रोखून पाहिलं, जणू सगळा गुन्हा त्याचाच.

"कंपनीनंच कडक दिलाय हो आई," तो म्हणाला.

शेजारी बसलेल्या चंद्राबाईंनी हँडब्रेकवरचा हात हलवला नाही. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची उभी हयात गेली होती. निवृत्तीनंतर, साठीला टेकताना, त्या याच रहिमतपूरच्या रस्त्यावर याच गाडीत शिकल्या होत्या. तेव्हा क्लच कडक नव्हता.

"सावकाश सोडा, जावईबापू."

जावईबापू म्हणताना हल्ली त्यांची जीभ कडू व्हायची. माणूस सांगलीत हळदीच्या पेढीवर कारकुनी करायचा आणि हळदीचा भाव आपल्याला विचारून ठरतो असं बोलायचा. लेक राजनंदिनी बाळंतपणाला माहेरी आल्यापासून तो दर रविवारी एसटीनं यायचा, ताटभर जेवायचा आणि रस्सा पातळ झाल्याचं हसत हसत सुचवायचा. मग एका रविवारी म्हणाला, "तुमची गाडी नुसती दारात उभी असते. मीच शिकून घेतो. उद्या बाळ झालं की लागणारच."

जावयाला नाही म्हणायची रीत नव्हती. पण गाडी चंद्राबाईंची होती, विमाही त्यांच्याच नावावर. त्यांनी आधी विमा एजंटाला फोन करून नीट विचारून घेतलं. शिकाऊ परवाना हवा, शेजारी पक्क्या परवान्याचा माणूस हवा आणि गाडीला 'एल'ची पट्टी हवी; मग काही झालंच तर अडचण नाही. पट्टी त्यांनी स्वतः चिकटवली. वीरधवलला ती आवडली नाही. लोक हसतात, म्हणाला.

चौथ्या खेपेला गाडी निघाली. दुसऱ्या गिअरवर पडताच त्यानं खिडकीत कोपर टेकवलं.

"दोन्ही हात वर ठेवा."

"अहो, जमतंय की आता."

पुढं वळणावर धनाजीचा गोठा होता. गोठ्यासमोर मोटरसायकल उभी होती, तिच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकत होते. वळण घेताना वीरधवलचं चाक जास्त फिरलं, त्यानं घाबरून पाय दाबला आणि तो भलत्याच ठिकाणी दाबला. चंद्राबाईंनी हँडब्रेक ओढेपर्यंत मोटरसायकल आडवी झाली होती आणि दूध मातीत पसरत होतं.

मग वीरधवल हलला. ज्या हाताला तासभर गिअर सापडत नव्हता, त्याला पट्ट्याचं बटण एका झटक्यात सापडलं. तो उतरला, पुढून वळसा घालून आला आणि चंद्राबाईंच्या बाजूचं दार उघडून उभा राहिला.

"आई, तुम्ही तिकडं सरका. पटकन. तुमचं वय झालंय, तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही."

आवाजात कंप नव्हता. इतक्या सफाईनं त्यानं गाडीही चालवली नसती.

"अहो, शिकाऊ माणसाकडनं होतंच की. विम्याचंही काही अडत नाही," त्या म्हणाल्या.

"विम्याचं नाही हो. धनाजीसमोर, गावासमोर कसं दिसतं? जावई आहे मी."

गोठ्यामागून पावलं वाजली. चंद्राबाई सरकल्या. का सरकल्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. जावयाला पाट द्यायची सवय अंगात मुरलेली, एवढंच.

धनाजी शेणाच्या हातांनीच धावत आला. "आवं सिस्टर! लागलं न्हाई न्हवं कुणाला? गाडी कोण चालवत हुतं?"

"मीच," चंद्राबाई म्हणाल्या.

वीरधवलनं मान हलवली. "आईंचा पाय चुकला. या वयात होतं असं."

परतताना चाक चंद्राबाईंच्या हातात होतं. वीरधवल शेजारी बसून त्यांना वळणं कशी घ्यावीत ते सांगत होता.

घरी त्यानं तीच गोष्ट राजनंदिनीला सांगितली, आणि सांगता सांगता ती वाढवली. आई घाबरल्या, त्यानंच हँडब्रेक ओढला, नाहीतर धनाजीचा गोठाच गेला असता. राजनंदिनीनं ऐकून घेतलं, चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला आणि ती स्वयंपाकघरात आली. चंद्राबाई उभ्यानंच पाणी पीत होत्या.

"आई," ती हळू आवाजात म्हणाली, "तुला पण सरकवलं व्हय ह्यांनी?"

चंद्राबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

'पण' या एका शब्दाभोवती त्यांचं मन घुटमळलं. मागच्या वर्षी सांगलीत राजनंदिनीच्या स्कूटीनं एका म्हाताऱ्याला उडवलं होतं. म्हातारा अजून काठी घेऊन चालतो. पोलिसांत नाव राजनंदिनीचं लागलं. सासरच्यांनी तिला नावं ठेवली आणि चंद्राबाईंनीही फोनवर सुनावलं होतं, डोकं कुठं असतं गं तुझं. पोर तेव्हा नुसती हं हं म्हणत राहिली होती.

"स्कूटीवर तू मागं बसलेलीस?"

राजनंदिनीनं पोटावरचा पदर सारखा केला.

चंद्राबाईंनी तांब्या ठेवला, पदराला हात पुसले आणि त्या बाहेरच्या खोलीत आल्या. वीरधवल बशीत चहा ओतत होता. त्याच्यासमोरच उभं राहून त्यांनी फोन लावला.

"धनाजी, मी सिस्टर बोलतेय. मघाशी तुझ्याशी खोटं बोलले. गाडी आमचे जावई चालवत होते. मी शेजारी बसलेले. व्हय, आता विमावाल्यालाही हेच सांगणार हाय. तुझ्या मोटरसायकलचं काय ते बघून घेतील."

वीरधवलच्या बशीतला चहा मांडीवर सांडला. "आई, अहो, घरातली गोष्ट घरात ठेवायची. पाव्हण्यारावळ्यांत काय तोंड दाखवू मी?"

चंद्राबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. आज पहिल्यांदाच त्यांना त्याला काही म्हणावंसं वाटलं नाही, जावईबापूसुद्धा. त्या एजंटाचा नंबर शोधू लागल्या.

राजनंदिनी चौकटीला धरून उभी होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही.

"आई," ती म्हणाली, "सांगलीतल्या त्या बाबांचं घर मला ठाऊक हाय. उद्या नेशील?"