तीसची गाडी

“नवीनच टाका, आबा. याच्यात आता जीव राहिला नाही,” असं म्हणत मीटरवाल्या भिकनने गाडीतून काढलेलं वेगाचं मीटर माझ्या वडिलांसमोर ठेवलं. शेजारी डबीतलं नवं मीटरही ठेवलं, काळं आणि चकचकीत.

वडिलांनी, म्हणजे आबांनी, नव्याकडे वाकून पाहिलं.

“यामा तीस कोठे शे?”

“हे काय! वीस, तीस, चाळीस. फक्त किलोमीटर आहेत. तुमचं जुनं मैलांचं. तुमचं तीस म्हणजे यातलं पन्नास धरा, झालं.”

“पन्नासनी गाडी कोन बोलाई रे?”

भिकन हसला. मला हसू आलं नाही, कारण आबा थट्टा करत नव्हते.

साक्रीत आमच्या टॅक्सीला, त्या जुन्या लँडमास्टरला, कुणी टॅक्सी म्हणत नाही. ती ‘तीसनी गाडी’. बाळंतपण अडलं आणि धुळ्याला न्यायचं ठरलं, की आबा निघत. दाई मागे, बाईचं डोकं तिच्या मांडीवर, आणि काटा तीसवर. त्याहून वेगात गाडी उसळते, त्याहून हळू गेलं तर वेळ जातो. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. एका बाईने पहिल्यांदा “आबा, एवढीच राहू द्या” म्हटलं, तेव्हा काटा तिथे होता. तेव्हापासून तो तिथेच राहिला. घरात पोट दुखतंय म्हटलं तरी शेजारच्या बाया विचारत, “तीसनी बोलावू का?”

वर्षभर मात्र काटा नुसता नाचत होता. मागच्या खेपेला दाई द्रौपदाबाईंनी माझ्या भावाला, अभिमनला, बाजूला घेऊन सांगितलं की गाडी झोके खाते. आबा म्हणाले, मीटर बिघडलंय, वेग कळत नाही. अभिमन स्वतः जीप चालवतो. त्याने सरळ सांगितलं, “काटा थांबला तर गाडी न्या. नाहीतर शेजारच्या बेबाबाईच्या सुनेला मी जीपमध्ये नेईन.”

“तुन्ही जीपमा त रस्तामाच पेढा वाटना पडतीन,” आबा म्हणाले. पण दुसऱ्याच दिवशी ते गाडी घेऊन धुळ्याला माझ्या घरी आले. बेबाबाईच्या सुनेचे दिवस भरत आले होते. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून मीटरवाला माझ्या ओळखीचा असणार असं त्यांनी धरलं होतं. ते खरंही होतं.

“बरं, उघडून बघतो,” शेवटी भिकन म्हणाला.

असलं मीटर मी आतून प्रथमच पाहत होते. चाकाच्या गतीने फिरणारं लोहचुंबक, त्याच्यावर ॲल्युमिनियमची वाटी. दोन्ही एकमेकांना टेकत नाहीत. चुंबक फिरलं की वाटी त्याच्या ओढीने वळू पाहते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे धरते. दोघांची ओढ जिथे सारखी होते, तिथे काटा उभा राहतो. भिकनने वाटीवरची धूळ कुंचल्याने झाडली, कोरडी पडलेली केबल रॉकेलने धुऊन तिला तेलपाणी केलं. मग केबलचं टोक आपल्या जुन्या शिलाई मशीनच्या चाकाला जोडून पायाने मशीन चालवू लागला. मीटर तपासायची त्याची हीच रीत.

काटा उठला, तीसवर गेला आणि थांबला.

आबांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. “जित्ता शे ना?”

“जिवंत आहे. तुमच्यापेक्षा जास्त टिकेल.”

“टिकू दे.”

मीटर पुन्हा गाडीत बसलं, आणि साक्रीपर्यंत सोबत जायचं मी ठरवलं. गाव मागे पडलं तसे आबा हळूहळू वेगात आले. काट्याची थरथर पार गेली होती. पण तो थांबत नव्हता. सावकाश पस्तिसापर्यंत चढायचा, पंचविसापर्यंत उतरायचा, पुन्हा चढायचा. त्याच्याबरोबर माझं अंग पुढेमागे होत होतं. इतके दिवस दोन हालचाली एकात एक मिसळल्या होत्या. भिकनने एक काढून टाकली होती. दुसरी मीटरची नव्हती.

मी आबांच्या पायाकडे पाहिलं नाही. ते काट्याकडे पाहत होते.

कुसुंब्याच्या अलीकडे त्यांनी गाडी निंबाखाली घेतली आणि खाली उतरले.

“माय, तू हाक जरा.”

कॉलेजच्या सुट्टीत याच गाडीवर त्यांनी मला शिकवलं होतं. मी बसले. वेग धरला. काटा तीसवर गेला आणि भिकनच्या दुकानात उभा राहिला होता तसा उभा राहिला. दोन्ही बाजूंना कापलेल्या बाजरीची शेतं होती.

“मीटर बेस शे,” ते म्हणाले. “मना पाय शे तो.”

“आबा, भिकनला सांगून आत थोडं जाड ग्रीस घालता येतं. काटा जड होईल. हलणार नाही.”

मी असं का म्हणाले, कुणास ठाऊक. मुलांनी प्रयोगात असं केलं तर मी शून्य गुण देते.

“मंग मांगे बठेल बाईले हादरा बसाव नही का?”

घरी पोहोचल्यावर त्यांनी किल्ली खुंटीला लावली नाही, अभिमनच्या हातात दिली.

“जीप नही. हाई गाडी ले. पन मी संगे येसू.”

बेबाबाईच्या सुनेला कळा लागल्या तेव्हा मीही साक्रीतच होते. भर दुपार होती. द्रौपदाबाई, ती आणि कडेला मी, अशा मागे बसलो. अभिमनने चाक धरलं. आबा, जन्मात कधी बसले नव्हते, त्या डावीकडच्या सीटवर बसले. हात गुडघ्यावर दाबून धरला.

गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागताच अभिमनने घाईने पाय दाबला. आबांनी बोट लांब करून मीटरच्या काचेवर तीसपाशी टेकवलं. अभिमनने पाय सैल केला, आणि काटा उतरून बोटाखाली थांबला.

“बस,” ते म्हणाले. “आते एवढाच ऱ्हाऊ दे.”