कुलरचं तुंबलेलं पाणी

शी! कुलर लावला की खोलीत असा कुजका वास सुटायचा, की शुभांगीला मळमळायचं. पाणी टाकीच्या काठावरून फरशीवर यायचं. त्यात तिची तीन महिन्यांची तान्ही लेक आठ दिवस खोकत होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "आधी तो कुलर साफ करा, नाहीतर बाळाला ॲडमिट करावं लागेल."

तिचा नवरा गोरक्ष ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर. त्याने टाकी न उपसताच पंप बदलला, वाळ्याचे पडदे बदलले आणि म्हणाला, "आता ओके." कसलं डोंबलाचं ओके! वास तस्साच.

सासूची, भागुबाईची मात्र काही तक्रार नव्हती. मळ्यातला मोगरा फुलबाजारात विकण्यात तिची चाळीस वर्षं गेली होती. हल्ली गिऱ्हाइकं शिळे म्हणून गजरे परत करायची आणि ही घरी येऊन त्यांच्या नावाने बोटं मोडायची. "लोकांची नाकंच सडलीत!" मग कुलरपुढे ऐसपैस बसून विचारायची, "लय भारी वाटतंय ना गं?" म्हातारी मुद्दाम डिवचते, असंच शुभांगीला वाटायचं.

रविवारी तिने बॅग भरली. लेकीला घेऊन दिंडोरीला, माहेरी जायचं ठरलं. जाता जाता एकदा बघू तरी, म्हणून नाकाला पदर लावून तिने टाकीच्या तळाचं बूच काढलं. एक थेंब पडेना. आत तार घालून ओढली, तसा काळा, बुळबुळीत लगदा हातात आला. दोऱ्यात ओवलेला!

"आत्याबाई, हे काय?"

"उरलेले गजरे हायेत. फेकायचं जिवावर येतं बाई. रोज दोन टाकते टाकीत, लेकराला वास यावा म्हणून."

"अहो, सडलेत ते! घ्या, हुंगा!" संतापून तिने तो लगदा सासूच्या नाकाशीच धरला.

भागुबाईने डोळे मिटून खोल श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला.

"येतोय ना गं वास?" तिने हळूच विचारलं. "मला हल्ली कशाचाच येत नाय."

शुभांगीला स्वतःचीच लाज वाटली. संध्याकाळपर्यंत टाकी घासून झाली, बॅग पुन्हा कपाटात गेली. सकाळी भागुबाई पाटी भरत होती आणि शुभांगी एकेक गजरा हुंगून शिळा बाजूला काढत होती. तीनदा साबण लावूनही तिच्या हाताची घाण गेली नव्हती.